पाव्हण्यांनी बसवलेली डिस्क

"थांबा पाव्हणं, आत घालायच्या आधी कुकू लावू द्या तिला," असं म्हणत मामी निरांजनाचं ताट घेऊन थेट कम्प्युटरपाशी आल्या.

माझ्या एका हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात नवी एसएसडी, म्हणजे कम्प्युटरची नव्या धर्तीची डिस्क. पत्त्याच्या जोडापेक्षा पातळ, वजनाला तर काहीच नाही. मी म्हणालो, "मामी, पिना तेवढ्या सोडून लावा." त्यांनी अनामिका बरोबर मधोमध टेकवली, अक्षता टाकल्या आणि तिला हात जोडले. दोन अक्षता उघड्या कॅबिनेटात पडल्या. त्या मी चिमट्यानं काढायला लागलो तेव्हा दारात जमलेली मंडळी खो खो हसली.

दिवाळीचा पाडवा होता. लग्न मे महिन्यात झालं होतं, म्हणजे हा माझा दिवाळसण. सासुरवाडी आटपाडीच्या पुढं, माळावरच्या एका गावात. पुण्याच्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. पण गावात बातमी पोचली होती ती 'गळव्यांचं पाव्हणं कम्प्युटरचं इंजिनेर हायती' अशी. मीही ती कशाला खोडून काढतोय! दिवाळसणाला सासऱ्यानं जावयाला द्यायचं असतं. मी उलट सासऱ्यांसाठी एसएसडी नेली होती, आणि या मोठेपणावर मी स्वतःच फार खूश होतो.

सासरे, हिंदुराव गळवे, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. बोलणं मोजकं, पांढरा सदरा, वरच्या खिशात छोटी डायरी आणि पेन. त्यांचा कम्प्युटर नऊ वर्षं जुना. सकाळी बटण दाबायचं, अंघोळ करून यायचं, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र उमटायचं.

आता इथंच सांगून टाकतो, कारण मला ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या कम्प्युटरमध्ये एक्केचाळीस विहिरी होत्या. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मामा दर अमावास्येला लुना काढून आजूबाजूच्या सात गावांतल्या एक्केचाळीस विहिरींची पाणीपातळी मोजत होते. अमावास्या का, तर लक्षात राहते म्हणून. दगड बांधलेली दोरी आत सोडायची, ओल कुठंपर्यंत आली ते बघायचं आणि आकडा डायरीत टिपायचा, मग घरी येऊन कम्प्युटरात चढवायचा. अमावास्येला विहिरीत डोकावू नये म्हणून मामी अकरा वर्षं ओरडत होत्या, पण त्यांनी एकही अमावास्या चुकवली नव्हती. आदल्या दिवशी, ऐन लक्ष्मीपूजनालासुद्धा, ते संध्याकाळी पाचला धुळीनं माखून घरी आले होते. मला वाटलं, कुणाकडं फराळाला गेले असतील.

मी विचारलं नव्हतं असं नाही. जुन्या डिस्कची वायर काढण्याआधी विचारलं, "मामा, यात काही महत्त्वाचं आहे का? मी सगळं नव्यानं टाकणार आहे."

मामा खुर्चीच्या कडेवर बसले होते. जावयापुढं पाठ टेकून बसायचं नाही, हा त्यांचा रिवाज. "छे छे," ते म्हणाले. "काय विशेष न्हाई. चार आकडे हायती. तुमी करा तुमच्या मनाजोगं."

मी एकदाच विचारलं. कामावर आम्ही तेच तीनदा विचारतो, लेखी घेतो. पण इथं मी तपासनीस नव्हतो, जावई होतो. आणि जावयाला दहावा ग्रह उगीच म्हणत नाहीत.

कॅबिनेटात नऊ वर्षांची धूळ होती. सायकलच्या पंपानं ती उडवली. एवढीशी डिस्क बसवायला आत खाच नव्हती, म्हणून दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून ती पक्की केली. पुण्याहून पेनड्राइव्हवर आणलेलं विंडोज तिच्यावर चढवलं. अर्ध्या तासात काम फत्ते. पडदा उजळला तसा दारातून "आयला!" असा आवाज आला.

इथं थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण उथळ पाण्याला खळखळाट फार. मी जुनी डिस्क पुन्हा जोडली. म्हटलं, ती साफ करून देऊ, मामींना कीर्तनं, पोरांना सिनेमे ठेवायला होईल. फॉरमॅट करायला घेतलं, तर समोर ती नेहमीची चौकट आली: 'क्विक फॉरमॅट' करायचं का? तिथली खूण मी मुद्दाम काढून टाकली. क्विक म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडून टाकायची; आतली पानं तशीच राहतात, शोधणाऱ्याला सापडतात. पूर्ण फॉरमॅट मात्र एकेका पानावर बोळा फिरवत जातं. काम करायचं तर नीट करायचं, असा माझा बाणा. आळशी माणूस असतो तर बरं झालं असतं.

मामा चहा घेऊन आले. स्वतः. मामी पुरण वाटत होत्या आणि सुवर्णा, माझी बायको, त्यांच्या हाताखाली होती. मामांनी कपबशी ठेवली आणि पडद्याकडं बघत उभे राहिले.

"हे काय चाललंय म्हणायचं?"

"जुनी डिस्क धुवून काढतोय, मामा. एकदम कोरी. दीड-दोन तास लागतील."

"धुवून," ते म्हणाले.

"हो. मग बघा, नवीसारखी चालेल."

दारातल्या पोरांना मी डिस्क आत कशी फिरते, नवीत काहीच फिरत नाही म्हणून ती कशी वेगवान, हे हातवारे करून सांगत होतो. मामा बराच वेळ तिथंच उभे होते. मग म्हणाले, "च्या गार व्हतोय तुमचा." आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया. मामा मला आग्रह करत होते, आणि स्वतः एकाच पोळीचे तुकडे दुधात कालवत बसले होते. मी विचारलंही, "मामा, जेवत नाही का तुम्ही?" तर म्हणाले, "सकाळी फराळ जास्त झाला."

जेवण होईतो काम शंभर टक्के झालं होतं. मी सगळ्यांना बोलावून कम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि घड्याळ लावलं. चौदा सेकंद! टाळ्या पडल्या. मामांनीही दोन वेळा टाळी वाजवली.

तेवढ्यात बिरू आला. वरच्या आळीचा डाळिंबवाला, वय चाळिशीचं, डोक्याला लाल टॉवेल. मला रामराम घातला, फराळाची बशी हातात घेतली आणि मामांसमोर बसला.

"आण्णा, औंदा बहार धरू का नको, तेवढं सांगा. दोनशे झाडं हायती. धरला आन् चैतात हीर आटली, तर झाडं पन जातील."

गावातले लोक मामांना आण्णा म्हणत, सुवर्णाही. मामा म्हणाले, "उद्या परवा ये. आज पाव्हणं हायती."

मला फार वाईट वाटलं. माझ्यापायी त्यांचं काम कशाला अडायचं? मी म्हणालो, "मामा, सांगा ना त्यांना. आता कम्प्युटर कसा झटकन उघडतोय बघा!"

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं."

"तेच की," बिरू म्हणाला. "बारा सालच्या दुष्काळात, दिवाळीला माझ्या हिरीला किती व्हतं, तेवढंच बघा. त्या साली व्हतं त्यापरीस औंदा वर आसंल तर धरतो. खाली आसंल तर गप बसतो. अकरा वर्षांचं सगळं हाय की त्यात!"

कशात, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. चार आकडे. डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली: काल रात्री ताटात अकरा पदार्थ वाढून मामी म्हणाल्या होत्या, 'काय विशेष न्हाई केलं.' या घरात विशेष असलेल्या गोष्टीला विशेष म्हणतच नाहीत. आणि मी ते शब्दाला शब्द धरून बसलो होतो.

मी मामांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"बिरू," ते अगदी सहज म्हणाले, "ते न्हाई आता. मागच्या महिन्यात माझ्याच हातनं पुसलं गेलं. म्हातारपण, दुसरं काय? डायरी नवी, कालचं तेवढं हाय तिच्यात." त्यांनी खिशातली डायरी काढली. "तुझी हीर, कठड्यापास्नं एकवीस हात खाली. गेल्या दिवाळीला साडेएकोणीस व्हतं, तेवढं ध्यानात हाय."

"आन् बारा सालाला?"

"ते अंदाजानं सांगणार न्हाई मी."

"अहो पन आण्णा, तुमच्या ध्यानात—"

"न्हाई सांगणार," मामा म्हणाले. "दोनशे झाडं हायती तुझी."

बिरू टॉवेल चाचपत उठला. जाताना मला पुन्हा रामराम घातला. माझ्याच्यानं मान वर झाली नाही.

मी आतल्या खोलीत गेलो आणि सुवर्णाला बोलावलं. जुन्या डिस्कवरचं मी पुसून टाकलंय, हे तिला सांगितलं.

"सगळं?" तिनं विचारलं.

"सगळं. पण कागदावर असेल ना? वह्या असतील ना त्यांच्या?"

ती पलंगावर बसली. "लग्नाच्या वेळी घराला रंग दिला तेव्हा आईनं वह्या काढायला लावल्या. कम्प्युटरात हायेत तर जागा कशाला अडवता, म्हणाली. पाव्हण्यांच्या अंघोळीच्या बंबाला लावल्या सगळ्या."

म्हणजे माझ्याच वऱ्हाडानं त्या वह्यांच्या गरम पाण्यानं अंघोळी केल्या होत्या.

"तू मला सांगितलं का नाहीस, की ते असं काही करतात?"

"मला काय माहीत तुम्ही आज जुन्याला हात लावणार? आणि आण्णा कधी त्याला काम म्हणतात का? 'जरा हिरी बघून येतो' एवढंच म्हणतात." मग तिचे डोळे भरले. "तुम्ही इंजिनेर ना? आणा ना परत."

दुपारी दोन ते संध्याकाळी सहा मी त्या खुर्चीतून उठलो नाही. फोनवरचं इंटरनेट कधी यायचं, कधी जायचं; त्याच्यावर हरवलेल्या फायली शोधायची तीन सॉफ्टवेअर उतरवली. पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "क्विक केलंस ना? मग घाबरू नकोस." मी म्हणालो, "क्विक नाही केलं." "मग कशाला वेळ घालवतोयस?" तो म्हणाला.

तरी मी घालवला. शोधणारी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायची आणि शेवटी एक शून्य दाखवायची. दुसऱ्यानंही शून्य, तिसऱ्यानंही. घरातल्यांना वाटत होतं, जावई सणासुदीला राबतोय. मामी करंज्या ठेवून गेल्या. "डोळं दुखतील की ओ," म्हणाल्या. शेजारची एक बाई डोकावून म्हणाली, "बाई, जावई मिळावा तर आसा." मला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मामा. ते मधूनमधून येऊन मागं उभे राहायचे, माझी रिकामी कपबशी उचलायचे आणि जायचे. एकदा तर पंखा माझ्याकडं वळवून गेले. एक शिवी हासडली असती तरी मी सुटलो असतो. पण जावयाला शिव्या देत नाहीत. जावयाच्या हातून घर पेटलं तरी आधी त्याला विचारायचं, भाजलं तर नाही ना.

सहा वाजता मी उठलो. मामा ओसरीवर होते. "मामा," मी सुरुवात केली. ते म्हणाले, "दमलात. हातपाय धुवा. सुवर्णाला ओवाळायचं आसंल." सुवर्णानं ओवाळलं. मामींनी दिलेला शर्टपीस आणि टोपी मी घेतली. मी ते सगळं चोरासारखं घेतलं.

ती जुनी डिस्क मी पुण्याला नेली, दोन ठिकाणी दाखवली, पैसे मोजले. काही आलं नाही. बिरूनं त्या वर्षी बहार धरला नाही. चैत्रात त्याच्या विहिरीला सात हात पाणी होतं. धरला असता तर बाग निघाली असती. हे मला सुवर्णानं सांगितलं. मामा बोलले नाहीत.

नवी डिस्क मात्र चालली. मामांनी पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर नवं पान सुरू केलं, आणि त्यानंतर दर दिवाळीला मी तिची देखभाल करत आलो. ती कधी काठोकाठ भरू दिली नाही, कारण अशी डिस्क भरली की मंदावते. जुन्या डिस्कांना करायचे ते आवराआवरीचे प्रकार तिच्यावर होऊ दिले नाहीत, त्यानं तिचं आयुष्य कमी होतं. तिची तब्येत सांगणारा आकडा बघायचा: पहिल्या वर्षी शंभर, मग अठ्ठ्याण्णव, मग पंच्याण्णव. आणि विहिरींच्या फायलीच्या तीन नकला: एक पेनड्राइव्हवर मामींच्या कपाटात, एक माझ्याकडं, एक छापून. एसएसडीवरनं एकदा पुसलेलं तर जुन्या डिस्कसारखं शोधूनही सापडत नाही. ती स्वतःच मागून साफ करत जाते. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे ही डिस्क तुमच्यापरीस कडक." एवढी एकच थट्टा त्यांनी त्या गोष्टीवर केली.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या दिवसांना बिरू आला होता, मला धरून रडला. सगळे गेल्यावर सुवर्णा म्हणाली, "आण्णांनी तुम्हाला कधी मनात धरलं नाही." मी हो म्हणालो. पण भाऊबीजेच्या सकाळची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. कुणालाच नाही.

त्या सकाळी मामा मळ्यातल्या स्वतःच्या विहिरीवर होते. त्यांच्या यादीतली पहिली विहीर. मी मागोमाग गेलो. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, ती सगळी विसरलो.

"मामा, ते परत येणार नाही. माझी चूक आहे. मी नीट विचारायला हवं होतं."

ते कठड्यावर बसले होते. पहिल्यांदाच माझ्यासमोर ऐसपैस बसले होते. म्हणाले, "बसा."

मी बसलो.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "कालपास्नं."

"बिरू आला तेव्हा कळलं ना?"

"न्हाई. त्याच्या आधी. च्या घिऊन आलो तवा. पडद्यावर 'डी' लिवलं व्हतं. माझं सगळं डीमध्ये. आन् तुमी म्हनालात, धुतोय."

तो चहा, ते पाठीमागं उभं राहणं. पोरांना मी हातवारे करून सांगत होतो आणि मागं हा माणूस आपल्या अकरा वर्षांवरून बोळा फिरताना बघत होता.

"मग बोलला का नाहीत मामा? एक शब्द!"

"नऊ टक्क्यावर व्हतं तवा." ते विहिरीत बघत होते. "म्हटलं, सुरू झालं म्हंजे गेलंच. आता वरडून काय उपयोग? दारात चार माणसं, पोरं तोंड वासून बघत व्हती. तुमी उमेदीनं करत व्हता. पहिला दिवाळसण तुमचा. चार माणसांत पाव्हण्याला कशाला खाली बघायला लावायचं?"

नऊ टक्के. शंभरातले एक्क्याण्णव भाग तेव्हा शाबूत होते. एक बटण होतं, रद्द करायचं. त्यांनी नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तर मी ते दाबलं असतं, आणि त्या तीन सॉफ्टवेअरमधल्या एखाद्यानं त्या एक्क्याण्णवातून विहिरी बाहेर काढल्या असत्या. सगळ्या नाही, तरी पुष्कळ. बारा सालची दिवाळी, कदाचित.

मामांनी मान वळवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसती शंका होती, रात्रभर जागलेली.

"पाव्हणं," त्यांनी विचारलं, "नवाला गेलंच व्हतं न्हवं?"

दुसऱ्याची चूक कितीही छोटी असली तरी ती स्पष्ट सांगायची, याचा मी पगार घेतो.

"गेलंच होतं मामा," मी म्हणालो. "बटण दाबलं तेव्हाच गेलं. तुम्ही बोलला असता तरी काही उपयोग नव्हता."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले.

"मग बरं," मामा म्हणाले, आणि दोरी हातात घेऊन उठले.